इनानं वाढलेलं ताट

या धाग्यावर मी आजवर नुसती वाचत आलेय. लिहायचा धीर होत नव्हता, कारण असले अनुभव सांगणाऱ्यांची सगळ्यात जास्त टिंगल मीच केलेली आहे. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई मी... दृष्ट काढायला आलेल्या सासूबाईंना "त्या मोहऱ्या फोडणीला ठेवा" असं तोंडावर सांगणारी. भूतबीत मी अजूनही मानत नाही. पण माझ्याकडे एका डबीत एक वस्तू आहे, आणि ती माझ्याकडे कशी आली हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहत होतो. तेव्हाचं डब्लिन आजच्यासारखं नव्हतं. आमच्या अपार्टमेंटमागे मक्याची शेतं होती आणि मराठी बोलायला दोन बिल्डिंग सोडून राहणाऱ्या नागपूरच्या शैलावहिनी, बस्स. माझा नवरा श्रीकांत सिव्हिल इंजिनिअर. त्याच्या कंपनीला इंडोनेशियात बोटींसाठी एक लहानसा धक्का बांधायचं काम मिळालं — सुलावेसी बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, केंडारी शहरापासून बोटीनं अर्धा दिवस लांब. गावाचं नाव तांजुंग बातू. आमच्या ॲटलासमध्ये ते नव्हतंच, श्रीकांतनं पेन्सिलीनं ठिपका काढून दाखवलं होतं.

तो जानेवारीत गेला तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. याआधीचं एक मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे आम्ही दोघंही जपूनच होतो. पण काम सोडणं शक्य नव्हतं, आणि मीच म्हटलं की जा, मला काय धाड भरलीय.

तो गेल्यावर आठवड्याभरातच धाड भरली. उलट्या. सकाळी डोळे उघडले की सुरू. भात नाही, ताक नाही, पाणीसुद्धा टिकेना. शैलावहिनी रोज काहीतरी करून आणायच्या आणि मी डब्याचं झाकण उघडायच्या आत बाथरूममध्ये पळायची. "काही खाऊन राहिली का नाही तू? आरशात पाह्य जरा, नुसती हाडं दिसून राहिली तुही," असं म्हणून त्या रडकुंडीला यायच्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं — पुढच्या व्हिजिटला वजन आणखी उतरलं तर ॲडमिट करावं लागेल, आणि बाळाचं काही खात्रीनं सांगता येत नाही.

श्रीकांतला मी यातलं काहीही कळवलं नाही. तिथून फोन करायचा तर त्याला केंडारीला यावं लागे. फोन आला की मी म्हणायची, "मजेत आहे, कैऱ्या खातेय." फेब्रुवारीत ओहायोमध्ये कैऱ्या कुठून येणार, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आणि मग ते सुरू झालं. एका सकाळी शाळेची बस खिडकीखालून गेली आणि मी नेहमीप्रमाणे उलटीची वाट बघत बसले. ती आली नाही. त्याऐवजी तोंडात चव आली. कपड्यांना घालायच्या खळीसारखं काहीतरी बुळबुळीत, कोमट, बेचव. त्याच्यामागून आंबट, हळदीचं पाणी, आणि सगळ्यात शेवटी धूर... चुलीचा धूर. मी गिळलं. तोंडात काहीच नसताना गिळलं आणि ते खाली उतरल्याचं मला कळलं. थोड्या वेळानं चक्क ढेकर आली.

रोज सकाळी, साधारण बस जायच्या सुमाराला, हेच. एरवी दिवसभर मी दोन क्रॅकर आणि घोटभर पाण्यावर असायची, पण पोट भरलेलं वाटायचं. वजन वाढलं. डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "व्हॉटएव्हर यू आर ईटिंग, कीप ईटिंग इट." मी काय खातेय ते मला माहीत असतं तर सांगितलं असतं.

इथपर्यंतचं मी समजावून घेऊ शकते. उलट्या कधीतरी थांबतातच. गरोदरपणात तोंडाची चव बिघडते, भास होतात. वजनाचा काटासुद्धा चुकू शकतो. मी स्वतःला हे सगळं सांगितलं आणि पटवूनही घेतलं.

पण मार्चमधल्या एका सकाळी ती चव आली आणि पाठोपाठ घशात काहीतरी टोचलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. शेवटी बोट घालून ओढलं, तर हातात पांढरा, बारीक, वाकडा काटा. नखाएवढा लांब. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमच्या घरात मासा कधी आलेला नाही. शैलावहिनींकडे चिकन व्हायचं, पण मासे त्यांनाही जमत नसत, आणि त्यांच्या हातचं मी गेले काही आठवडे तोंडातही घातलं नव्हतं. काटा कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि गप्प बसले. सांगणार कोणाला? मला वाटलं, माझं डोकं फिरलंय, आणि ते डॉक्टरांना कळलं तर बाळाचं काय होईल. मी खरंच फार घाबरले होते.

श्रीकांत एप्रिलच्या शेवटी परत आला. तोवर मी आपलं आपण जेवायला लागले होते, पोट दिसायला लागलं होतं. एअरपोर्टवरून घरी येताना गाडीत तो सहज म्हणाला, "अगं, तुला एक निरोप आहे. इनानं माफी मागितलीय."

इना म्हणजे तिकडच्या भाषेत आई. ज्या म्हातारीच्या घरी तो राहायचा तिला सगळं गाव इनाच म्हणायचं.

"माझी? ती मला ओळखते तरी का?"

"काय की. निघताना दोन-दोनदा बजावलं तिनं. म्हणे, मला आता नीट दिसत नाही, एक काटा राहून गेला, सुनेला म्हणावं राग धरू नकोस."

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. उलटी येतेय असं वाटून त्यानं घाईघाईनं घेतली. "कसला काटा?" मी विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बायको गरोदर आहे हे ऐकल्यावर इनानं त्याला विचारलं होतं, तिला तिथे वाढतं कोण? तो म्हणाला, कोणी नाही, एकटी आहे. म्हातारी सुन्न झाली. त्या दिवसापासून रोज रात्रीच्या जेवणाला ती एक जास्तीचं ताट वाढायची — साबुदाण्यासारख्याच पिठाची चिकट लापशी, वर माशाचं आंबट कालवण — आणि वेताच्या झाकणाखाली समुद्राच्या बाजूच्या ओट्यावर ठेवायची. तिचा मुलगा बोटीवर असायचा तेव्हा ती त्याचंही असंच वाढत असे. श्रीकांतला वाटलं, म्हातारीची समजूत आहे, कशाला मोडा. तिथली रात्र म्हणजे आमची सकाळ.

"पण मासे कशाला वाढू दिलेस? आपण खात नाही हे सांगायचंस ना?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कसं सांगणार? मीच खात होतो."

तुम्ही हसाल, पण त्या क्षणी मला काट्याचा विसर पडला आणि मी हायवेच्या कडेला नवऱ्याशी माशांवरून भांडले. घरी आल्यावर मात्र डबी उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं काटा चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग म्हणाला, "सकाळी ताट रिकामं असायचं. मला वाटायचं, मांजर खात असेल."

मुलगी ऑगस्टमध्ये झाली, धडधाकट. इनाला तिचा फोटो पाठवला, उत्तर आलं नाही. काही वर्षांनी केंडारीला गेलेल्या श्रीकांतच्या एका सहकाऱ्याकडून कळलं, म्हातारी गेली. काटा मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली पाहिला आहे. माशाचाच आहे. पुढचं मला विचारू नका, मला माहीत नाही. चाळीस वर्षं विचार करून माझा आणखीच गोंधळ झालाय.

एक मात्र करते. मुलीच्या वाढदिवसाला दरवर्षी बाजारातून मासा आणते. मुलगी हसते, "आई, यू डोन्ट इव्हन ईट फिश." हळद-आंबट घालून कालवण करते, नाकाला पदर लावून, आणि ताट झाकून ठेवते. कुठल्या दिशेला ठेवायचं हे मला अजून कळलेलं नाही. श्रीकांत जमिनीकडे बोट दाखवून म्हणतो, "पृथ्वीच्या त्या बाजूला आहे ते, सरळ खाली." पण सकाळी ताट जसंच्या तसं भरलेलं असतं. मग मांजराचं काम तो करतो.

इनाला पोचतं की नाही, सांगायला कोणी नाही. तरी चष्मा लावून, बोटांनी चाचपून मी एकेक काटा काढते. मलाही आता नीट दिसत नाही. एखादा राहिला, तर तिनं राग धरू नये.