धोंडबाचा शेवटचा डास

आमच्या गल्लीतला धोंडबा टोपल्या विणायचा, पण त्याचा खरा तोरा बडग्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळीची, मिरवणूक निघते. तिच्याबरोबर लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे कामट्या-कागदाचे पुतळे, म्हणजे बडगे, नाचवतात आणि जाळतात. धोंडबाने सलग नऊ वर्षं डासच केला. डास काही मेले नाहीत, बघणारे मात्र कंटाळले.

चौऱ्याहत्तर साली मंडळानं बजावलं, "यंदा डास आनला तं बडग्या रुपरावले देऊ!"

धोंडबाचं जेवणच उडालं. बडग्या त्या दुसऱ्या कारागिराकडे, रुपरावकडे गेला तर गल्लीत धोंडबाला कोण विचारणार?

वामनराव मास्तर म्हणाले, "एकट्याच्या डोक्यात काय शिजते गा? चार लोकायले विचार. प्रत्येकाचं पाहनं येगळं असते."

मास्तरांचं खोटं नव्हतं, पण ते धोंडबाला सांगायला नको होतं. चार म्हणजे त्याने चारशे धरले. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गाठलं, जरीपटक्याच्या बाजारात कापड फाडणारा शेठ गाठला. "तुमाले सगळ्यात जास्त कोन छळते?" शेठचं कापड वाकडं फाटलं. शेजारच्या अंजनाबाईची भाजी करपली. मला त्याने संडासाच्या रांगेत पकडलं. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

पोळा चार दिवसांवर आला. धोंडबा रडकुंडीला येऊन बायकोला म्हणाला, "कोनी सांगूनच नाही राहिलं वं. मले पाह्यलं का पळतेत."

गोपिका भाकरी थापत म्हणाली, "पळून पळून तेच तं सांगून राहिले सारे."

हे त्याच्या डोक्यात उतरायला दीड भाकर लागली.

मग तो घराबाहेर पडलाच नाही. आणि मारबतीच्या दिवशी गल्लीतून दहा फुटी धोंडबा निघाला! हातात अर्ध्या दाढीच्या माणसाचा कान, दोरी ओढली की जबडा चालू. लोक हसून हसून लोळले. अंजनाबाईने पुतळ्याला लाटणं हाणलं. रुपरावनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. जाळताना "घेऊन जा गे मारबत!" असं सगळ्यांत मोठ्यानं गोपिका ओरडली, आणि धोंडबा आनंदाने रडला.

त्यानंतर मात्र तो गप्प झाला. कुणाला काही विचारीना. गल्ली सुनी वाटायला लागली. खोटं कशाला बोलू, मला करमेना. तेराव्या दिवशी मीच त्याच्या दारात गेलो.

"काहून गा धोंडबा, काही विचारत नाही?"

"विचारनारा तं जळला नं, भाऊ."

मी शेजारी बसलो आणि मला काय काय छळतं ते आपणहून सांगायला लागलो. ओली लाकडं, वरच्या मजल्यावरचा तबला, साडू. दिवेलागण झाली तरी माझं चालूच होतं.

गोपिका कंदील घेऊन बाहेर आली. माझं तोंड नीट निरखून नवऱ्याला म्हणाली, "घ्या माप. पुढच्या सालचा बडग्या भेटला."