बावीस अक्षरांची बचत

"आपल्या पत्रावरून असे समजते की, सना ही पहिलीत असताना बारावीची परीक्षा देत होती. पुढे काय झाले, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे."

पोलंडमधल्या एका युनिव्हर्सिटीचा हा ई-मेल मी सोमवारी सकाळी उघडला. मजकूर इंग्रजीत होता, पण अर्थ हाच. समोर नसीमभाभी बसल्या होत्या, त्यांच्या बाजूला त्यांची मुलगी सना. मी भाभींना अर्धाच ई-मेल सांगितला.

"निकाल विचारतायत."

"निकाल लागून म्हैना झाला, ताई!"

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना नाही."

सनाने वाकून स्क्रीन वाचली. "ताई, पहिलीत म्हणजे? मी पहिलीत असताना?"

"तू गप्प बस. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"आणि शुक्रवारी नाही कळवलं तर?"

"तर तुझी सीट वेटिंगवाल्याला."

 फूड टेक्नॉलॉजीची ती सीट सनाने स्वतः शोधली होती, ऑनलाइन इंटरव्ह्यू स्वतः दिला होता. वडील जहाजावर नोकरीला. त्यांनी आधीच सांगितलं होतं, हे एकच वर्ष. पुढच्या वर्षी धाकट्याची बारावी, दोघांचं एकदम झेपणार नाही. म्हणजे आता नाही, तर कधीच नाही.

आणि हा घोळ माझ्या टेबलावर झाला होता. तो कसा झाला ते सांगते.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे माझं ऑफिस आहे. पाटीवर 'डॉक्युमेंटेशन' लिहिलंय, तरी लोक अजून टायपिंगवाली जाधवबाई म्हणतात. सुरुवात टायपिंगनेच केली, कोर्टाच्या आवारात, भाड्याच्या मशीनवर. मग आखातात जाणाऱ्यांचे दाखले अटेस्ट करून आणायला लागले. आता मुलं युरोपात जातात, म्हणून युरोपचंही करते. मी भाव केल्याशिवाय टाचण्यांचा डबासुद्धा घेत नाही, आणि माझा आवाज मोठा आहे. या दोन्ही गोष्टींचा पुढच्या प्रकरणाशी संबंध आहे.

पोलंडमध्ये भाषांतर कोणीही करून चालत नाही. सरकारी शपथ घेतलेला भाषांतरकार लागतो, त्याचा गोल शिक्का लागतो. मला अशा एक बाई मिळाल्या, बेआता नावाच्या. तिकडे बाईंना मानाने 'पानी' म्हणतात. पानी बेआता. आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, इंग्रजीत, दोघींचंही कामापुरतं.

त्यांचा दर पानाला होता. पान म्हणजे आपण समजतो ते पान नव्हे. अकराशे पंचवीस अक्षरं झाली की एक पान. दोन शब्दांमधली मोकळी जागा हेही अक्षर. वर एक जरी अक्षर गेलं तरी पुढचं पान पूर्ण धरायचं.

"मोकळ्या जागेचं तुम्ही काय भाषांतर करता?" मी विचारलं.

"नियम आहे, मॅडम."

"मग मी सगळे शब्द जोडून पाठवते. चालेल?"

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केलेला नव्हता. मोकळ्या जागेचे पैसे मी आजवर फक्त जागामालकाला दिलेत, आणि तेही भांडून. तो नियम अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पण मी चौकशी केली. दुसऱ्याने केलेलं भाषांतर नुसतं तपासून शिक्का मारायचा असेल तर तिकडे निम्मा दर लागतो, असं कळलं. झालं तर मग! भाषांतर मीच करायचं ठरवलं. सनाच्या ज्युनिअर कॉलेजचं एक पत्र, चार वाक्यांचं. इंटरनेटवर शाळा-कॉलेजच्या इंग्रजी शब्दांना पोलिश प्रतिशब्दांची यादी सापडली. ती प्रिंट काढून काचेखाली ठेवली. आखाताचे अरबी फॉर्म मी असेच शिकले होते.

यादी वाचताना पहिल्याच दिवशी पानी बेआतांशी वाजलं. मी सनाला 'स्तुदेन्तका' लिहिलं होतं.

"शाळेतली मुलगी स्तुदेन्तका नाही," त्या म्हणाल्या. "ती उचेन्नित्सा. स्तुदेन्तका युनिव्हर्सिटीत गेल्यावर."

"आमच्याकडे बालवाडीतलं पोरही स्टुडंट असतं."

"आमच्याकडे नसतं."

प्रिन्सिपलला त्यांच्याकडे 'दिरेक्तोर' म्हणतात. होस्टेलला म्हणतात 'अकादेमिक'. आणि प्रबंधाच्या गाइडला म्हणतात 'प्रोमोतोर'. हे मी भाभींना वाचून दाखवलं तेव्हा त्या घाबरल्याच.

"प्रमोटर? म्हंजे बिल्डर गो? शिकायला चाललीय, तिला बिल्डर कशाला?"

"बिल्डर नाही, भाभी. सर असतात ते."

"मग सर म्हनायला काय होतं त्यांना?"

मला एक शब्द मात्र फार आवडला. इंग्रजीत परीक्षा देणारा माणूस ती 'घेतो'. हे मला लहानपणापासून पटलेलं नाही. पोलिशमध्ये 'दाच' म्हणजे देणे, आणि त्याच्यापासूनच परीक्षा देण्याचा शब्द झालाय. म्हणजे इतक्या लांबची माणसं, पण परीक्षा देतात आपल्यासारखीच. सनाने परीक्षा दिली, याला 'झ्दावावा'. मी आनंदाने तोच घातला. कारण कॉलेजच्या पत्रातही इंग्रजीत तसंच होतं: 'हॅज गिव्हन एच.एस.सी. एक्झामिनेशन इन फर्स्ट क्लास.' आपल्याकडे 'दिली' म्हटलं की ऐकणारा पुढचं समजून घेतो.

वाक्याचा शेवट मी पानी बेआतांनी पाठवलेल्या एका नमुन्यावरून उचलला होता. तिकडच्या सर्टिफिकेटवर शेवटी तीन शब्द असतात, त्यांचा अर्थ 'पॉझिटिव्ह निकालासह'. ते लिहून अक्षरं मोजली. वीस जास्त! वीस अक्षरांपायी पूर्ण दुसरं पान.

मी पत्ता लहान केला, तर पत्ता चुकला. परत होता तसा केला. मग नजर त्या तीन शब्दांवर गेली. मोकळ्या जागा धरून बावीस अक्षरं. माझा हात जरा थांबला होता, हे खरं. पण भाभी शेजारीच बसल्या होत्या.

"काय लिवलंय ते?"

"निकाल पॉझिटिव्ह."

"अगो ताई! पॉझिटिव्ह नको! कोरोनात ह्याच शब्दानं आमच्या अख्ख्या घराला पंधरा दिवस कोंडून ठेवलं. पोरीला विमानातसुद्धा घेनार नाय."

मी तीन शब्द काढले. पत्र एका पानात बसलं. पानी बेआतांनी मूळ पत्राशी ताडून बघितलं, शिक्का मारला, आम्ही पाठवून दिलं. मी त्या दिवशी खूश होते.

सोमवारी तो ई-मेल आला, आणि मी पानी बेआतांना फोन लावून सुरुवातच वरच्या आवाजात केली.

"तुम्ही तपासून शिक्का मारलात ना? मग पहिलीतली मुलगी दिसली नाही तुम्हाला?"

"तुमच्या शाळेने 'फर्स्ट क्लास' लिहिलंय. तुम्ही 'क्लासा' लिहिलंत. आमच्याकडे क्लासा म्हणजे इयत्ता. मला वाटलं, ज्युनिअर कॉलेजची पहिली इयत्ता असेल."

"फर्स्ट क्लास म्हणजे चांगले मार्क!"

"ते पत्रात कुठे आहे?"

पत्रात नव्हतं. मी विषय बदलला. "आणि परीक्षा दिली म्हटल्यावर पास का समजू नये?"

"कारण झ्दावावा म्हणजे देत होती. पास झाली, तर झ्दावा."

"परत म्हणा."

"झ्दावावा, देत होती. झ्दावा, पास झाली."

एक 'वा' जास्त. एका 'वा'ने मुलगी बारावीच्या बाहेर. एरवी आपण कोणाला शाबासकी द्यायची तर 'वा' वाढवतो.

"मूळ पत्र दुरुस्त करून आणा," पानी बेआता म्हणाल्या. "कागदात जे नाही, ते मी लिहिणार नाही."

गुणपत्रिका जवळ असती तर प्रश्नच नव्हता. पण ती अपॉस्टिलसाठी मुंबईला गेली होती. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा आहे असं परदेशाला सांगणारा सरकारी शिक्का. कॉलेजचं मूळ पत्रही त्याच पाकिटात होतं. पाकीट यायला अजून आठवडा लागणार होता.

मंगळवारी सनाला घेऊन तिच्या कॉलेजात गेले. तिथे हेडक्लार्क आहेत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. पत्र त्यांनीच तयार केलेलं. मी प्रत पुढे ठेवली.

"ह्यात काय चुकलंय, मॅडम?"

"'गिव्हन' लिहिलंय. 'पास्ड' पाहिजे."

"नोकरीला लागल्यापासून आमी 'गिव्हन'च लिहितोय. आजवर कोन आला नाय."

"पोलंडवाला आलाय."

"काय वो मॅडम, सायबाचं इंग्रजी शिकवताय होय?" त्यांनी चष्मा काढला. "तुमचं शिक्षण काय?"

हा प्रश्न मला टायपिंगच्या दिवसांपासून विचारतात. मी ठरलेलं उत्तर दिलं. "बी.ए. दिलंय."

त्यांनी मान डोलावली आणि तीन अटी सांगितल्या. पालकांचा अर्ज पाहिजे. जुनं पत्र जमा केल्याशिवाय नवीन मिळणार नाही. आणि प्राचार्य मीटिंगला दापोलीला गेलेत, परत आल्यावर आठ दिवसांत सही होईल.

तीन अटींवरून मी सौदा सुरू केला. अर्ज सनाने तिथल्या तिथे लिहिला, आईच्या सहीसाठी भाभींना रिक्षाने बोलावून घेतलं. पहिली अट मिटली. जुन्या पत्राबद्दल मी लेखी द्यायला तयार झाले, मुंबईहून आलं की स्वतः आणून देईन म्हणून. भाऊसाहेब नाही म्हणाले. मग मी उठून खिडकीशी गेले.

"भाऊसाहेब, इकडे या जरा. गेटवर तो फ्लेक्स कोणी लावलाय?"

"कॉलेजने."

"त्याच्यावर दुसऱ्या ओळीत फोटो कोणाचा?"

सनाचाच होता. खाली मोठ्या अक्षरांत 'प्रथम श्रेणीत उत्तीर्ण'.

"गेटवर उत्तीर्ण आणि पत्रात नुसती दिली? दोन्हीतलं एक खोटं आहे. फ्लेक्स तरी उतरवा. नाहीतर मी रंगाचा डबा आणून 'उत्तीर्ण'वर 'दिली' लिहून घेते. बाकीच्या मुलांचे पालक बघतील काय ते."

माझा आवाज एव्हाना व्हरांड्यात पोचला होता. दोन मास्तर दारात येऊन उभे राहिले. सना जमिनीकडे बघत होती. भाऊसाहेबांनी फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लेखी द्या पत्र परत आनून देनार म्हनून. पन सहीला सायब पायजेत."

"किती वाजता येतात?"

"उद्या संध्याकाळच्या गाडीनं."

"मग उद्या संध्याकाळी मी इथेच आहे."

बुधवारी प्राचार्य बॅग खांद्यावर घेऊन आले आणि बॅग खाली ठेवायच्या आधी मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं. "बरोबर आहे की. आधी काय लिहिलं होतं?" भाऊसाहेब कपाटात काहीतरी शोधायला लागले. सही झाली.

गुरुवारी पानी बेआतांना स्कॅन पाठवला. आता इलेक्ट्रॉनिक सही चालते, म्हणून पोस्टाची वाट बघावी लागली नाही. या वेळी यादी मी काचेखालून काढली नाही. "भाषांतर तुम्हीच करा," म्हटलं. "पण दुरुस्तीचे पैसे कसले घेता?"

"दुरुस्ती नाही, मॅडम. हे नवीन पत्र आहे. नवीन पान."

अर्धा तास घासाघीस केली. पैसुद्धा कमी केली नाही बाईने! आजवर मला हरवणारी ती एकटी. शेवटी काम झाल्यावर मी त्यांच्या भाषांतरातली अक्षरं मोजली, सवयीने. तेव्हा एक गोष्ट दिसली, ती मी भाभींना अजून सांगितलेली नाही. पोलिश लिपीत 'झ्दावावा' सात अक्षरांचा शब्द, आणि 'झ्दावा' पाच अक्षरांचा. पास होणं नुसतं देण्यापेक्षा दोन अक्षरांनी स्वस्त होतं.

शुक्रवारी दुपारी ई-मेल आला. सीट पक्की. वर पहिल्याच ओळीत सनाच्या नावाआधी एक पोलिश शब्द होता. सनाने तो स्क्रीनवर बोट ठेवून वाचला.

"ताई, स्तुदेन्तका!"

"आता हो," मी म्हटलं.

भाभींनी विचारलं, "आनि तो बिल्डर?"

"तो शेवटच्या वर्षाला, भाभी."

तेव्हापासून माझ्या ऑफिसात कुठलाही दाखला आला की मी तारीख, शिक्का, सही नंतर बघते. आधी बघते, दिली आहे की झाली आहे. चार मुलांचे दाखले मी त्याच पावली परत पाठवलेत. भाऊसाहेबांनी आता 'पास्ड'चा रबरी शिक्काच करून घेतलाय.

तो शिक्का मी पाहिला, कारण मुंबईचं पाकीट आल्यावर जुनं पत्र द्यायला मी स्वतः गेले होते. लेखी दिलेलं होतं. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, पत्र हातात घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुमी म्हनालात, बी.ए. दिलंय."

"हो."

"दिलंय, का झालंय?"

दोनदा दिलंय. दोन्ही वेळा इंग्रजीच्या पेपरात राहिलं. मराठीत इतकी वर्षं एवढ्यावर भागलं होतं, कोणी पुढचं विचारलं नव्हतं. ह्या माणसाला विचारायला मीच शिकवलं.

"तुम्ही पत्र जमा करून घ्या," मी म्हटलं, "आणि पोच द्या."

त्यांनी पोच दिली. हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं. परत येताना रिक्षात मी पानी बेआतांना मेसेज टाकला, की जुना कागद जमा केला, प्रकरण बंद. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांच्याकडे ऑफिसात कागद किंवा किल्ली जमा करण्यालाही तोच शब्द आहे म्हणे, पास होण्याचाच. मी स्वतःबद्दल तो कसा म्हणायचा, तेही त्यांनी लिहिलं होतं: 'झ्दावाम'.

तो मेसेज मी डिलीट केलेला नाही. पोचपावतीही ठेवली आहे.