बर्नीकाका, लेफ्ट बॅक

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमचा रविवार सकाळचा फुटबॉलचा ग्रुप आहे. खेळ तासभर चालतो आणि त्यानंतर पार्किंग लॉटमध्ये गाड्यांना टेकून गप्पा दोन तास. पूर्वी या गप्पांत व्हिसा, ऑफिस, स्नो टायर असे विषय असायचे. बर्नीकाका आल्यापासून ते सगळे मागे पडले. आता प्रत्येकाकडे त्यांचा एक तरी किस्सा असतो, आणि दुसरा सांगायला लागला की "थांब, मी सांगतो" म्हणून मध्येच तोडायची सवय सगळ्यांना लागली आहे. इथे मला तोडायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

बर्नीकाका म्हणजे इंग्लंडचे प्रोफेशनल फुटबॉलर. उत्तरेकडच्या एका लहान गिरणीगावाच्या क्लबकडून जवळजवळ सगळं करिअर लेफ्ट बॅक म्हणून, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळत, खेळले. शेवटी दोन वर्षं अमेरिकेत खेळायला आले, गुडघे गेले, मिशिगनच्या कॅरलशी लग्न केलं आणि इथेच राहिले. आता सत्तरी ओलांडली आहे. पण हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं.

* * *

सुरुवातीला ते आमच्यासाठी फक्त कुत्रा फिरवणारे एक गोरे आजोबा होते. तीन रविवार त्यांनी लाइनबाहेर उभं राहून आमचा खेळ पाहिला. चौथ्या रविवारी अगदी अदबीनं विचारलं की तुमच्यात डिफेन्सला कोण खेळतं? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यात सगळेच फॉरवर्ड होते.

शिरीष हा आमचा स्वयंघोषित कॅप्टन. पुण्याचा, त्यामुळे समजावून सांगायची हौस मोठी. त्यानं आजोबांना आत बोलावलं आणि थ्रो-इन कसा घ्यायचा, पाय कुठे ठेवायचे, बॉल डोक्यामागून कसा आणायचा, हे दहा मिनिटं शिकवलं. आजोबांनी सगळं मन लावून ऐकलं, तसाच एक थ्रो घेऊन दाखवला. शिरीषनं "नॉट बॅड" म्हणून पाठ थोपटली.

त्या आठवड्यात शिरीषनं आजोबांसकट काढलेला ग्रुपचा फोटो लॅपटॉपच्या स्क्रीनवर लावला. इंग्लंडच्या ऑफिसातला एक सहकारी व्हिडिओ कॉलवर होता. शिरीषनं स्क्रीन शेअर केली आणि फोटो दिसताच तो खुर्चीतून उठून उभा राहिला. म्हणाला, "माझ्या वडिलांना मी दोनदाच रडताना पाहिलंय. त्यातलं एकदा, या माणसाच्या आमच्या गावातल्या शेवटच्या मॅचला."

पुढच्या रविवारी शिरीष कानकोंडा होऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. तुम्ही सांगितलं का नाहीत, असं त्यानं विचारलं.

बर्नीकाका म्हणाले, "तू इतकं छान शिकवत होतास."

* * *

लंडनच्या एका मोठ्या क्लबनं त्यांना एकदा बोलावून घेतलं होतं. सगळ्या गावाला बातमी लागली. बायका स्टेशनवर निरोप द्यायला आल्या, कोणी सँडविचेस बांधून दिली. बर्नीकाका सकाळच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे प्रॅक्टिसला हजर.

आम्ही विचारलं, का हो नाही म्हणालात? आम्हाला वाटलं, गावावरचं प्रेम, निष्ठा असं काहीतरी येणार.

"त्यांना राइट बॅक हवा होता," ते म्हणाले.

कॅरलमावशी मात्र नंतर माझ्या बायकोला म्हणाल्या की कपाटात त्या क्लबचं पत्र आहे, आणि त्यात स्वच्छ 'लेफ्ट बॅक' लिहिलंय.

* * *

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच म्हणजे कपची सेमीफायनल. क्लब तिथपर्यंत कधीच पोचला नव्हता. शेवटच्या काही मिनिटांत बाजूनं उंच क्रॉस आला, बर्नीकाकांनी तो डोक्यानं बाहेर काढायला उडी मारली आणि हेडर स्वतःच्याच गोलमध्ये बसला. गाव हरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घराबाहेर पडूच नये, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. ते म्हणाले, आज तोंड लपवलं तर उद्या जास्त जड जाईल. आणि रोजच्यासारखे बेकरीत जाऊन रांगेत उभे राहिले. आत गेले तशी सगळी रांग गप्प झाली. कोणी वळून पाहीना. त्यांचा नंबर आला. बेकरीवाल्या बाईंनी पाव कागदात गुंडाळला, हातात दिला आणि म्हणाल्या, "हेडर मात्र सुरेख होता, बर्नी."

आधी रांगेतला एक म्हातारा हसला, मग सगळे.

 

* * *

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून नेलं. वैद्यकाकू तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी पाहुण्यांची ओळख करून देताना जोशात सांगितलं की इंग्लंडकडून क्रिकेट गाजवलेला एक महान खेळाडू आज आपल्यात आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही मागे उभं राहून माना खाली घातल्या.

बर्नीकाका शांतपणे उठले, हात जोडून नमस्कार केला. काकूंची चूक त्यांनी त्या दिवशीही काढली नाही आणि नंतरही नाही. कार्यक्रम संपल्यावर लहान मुलांनी त्यांना घेरलं आणि बॅटिंगची टिप मागितली.

ते म्हणाले, "नजर बॉलवर ठेवा."

* * *

माझी मुलगी इरा चौदा वर्षांची असताना शाळेच्या फुटबॉल टीमच्या निवडीतून कट झाली. चार दिवस खोलीबाहेर येईना. काही विचारलं की "आय ॲम फाइन, बाबा" एवढंच. तिच्या आईनं समजावलं, मी समजावलं. आमचं समजावणं तिला आणखीच लागत असावं.

एरवी रविवारी माझ्याबरोबर ग्राउंडवर येणारी इरा दिसली नाही म्हणून बर्नीकाका दुपारी घरी आले. हातात एक पिवळं पडलेलं पत्र होतं. ते सोळा वर्षांचे असताना त्यांच्या पहिल्या क्लबनं पाठवलेलं. 'उंची कमी, वेग कमी, प्रोफेशनल खेळाडू होण्याची शक्यता दिसत नाही.' इरानं ते दोनदा वाचलं. मग एकदम विचारलं, "तुम्ही हे ठेवलंत कशाला?"

ते म्हणाले, हे तुला लोनवर देतोय. क्लब एकमेकांना खेळाडू उसने देतात तसं. पुढचा सीझन आला की परत पाहिजे.

वर्षभर ते पत्र तिच्या टेबलासमोर भिंतीवर होतं. पुढच्या फॉलमध्ये ती टीममध्ये आली, आणि त्याच संध्याकाळी सायकलवरून पत्र परत द्यायला गेली. म्हणाली, आता कोणालाच याची गरज नाही.

"मला लागतं अधूनमधून," म्हणून त्यांनी ते पुन्हा जुन्या पत्रांच्या डब्यात ठेवलं.

* * *

गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा कोल्हापूरहून आले. आई जाऊन सहा महिने झाले होते. बाबा तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या टीमचे गोलकीपर. त्या शहरात पेठेपेठेच्या तालमींच्या फुटबॉल टीम असतात आणि मॅचला सगळं गाव लोटतं. पण इथे आल्यावर ते खिडकीशी बसून असायचे. विचारलं तेवढंच बोलायचे. एका रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच ग्राउंडवर नेलं आणि फोल्डिंग खुर्चीवर बसवलं.

बर्नीकाका शेजारी येऊन बसले. मी थोडा वेळ दोघांच्या मध्ये भाषांतर केलं, मग खेळायला गेलो. अर्ध्या तासानं पाहतो तर दोघं पाण्याच्या बाटल्या खेळाडूंसारख्या गवतावर मांडून हातवारे करत होते. मग बर्नीकाका उठले, बॉल घेतला आणि पेनल्टी स्पॉटवर ठेवला. बाबांनी स्वेटर काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि गोलमध्ये जाऊन उभे राहिले. आमचा खेळ आपोआप थांबला.

बर्नीकाकांनी बॉल मारला. तो सावकाश बाबांच्या हातात आला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा टाळ्यांकडे न बघता सरळ माझ्याकडे आले. चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "मुद्दाम हळू मारला त्यानं. म्हातारा समजतोय मला. सांग त्याला, नीट मार म्हणावं."

मी घाबरत घाबरत सांगितलं. बर्नीकाका खाली बघून म्हणाले, "सॉरी सांग त्यांना." बॉल पुन्हा स्पॉटवर ठेवला. या वेळी चार पावलं मागे गेले, बुटांच्या नाड्या आवळल्या.

बॉल डाव्या कोपऱ्यात खालून गेला. बाबा पूर्ण आडवे झाले. बोटं पोचली नाहीत. ओल्या गवतावर ते तसेच पडून राहिले, आणि आम्ही सगळे धावलो. बर्नीकाका लंगडत पोचले, त्यांनी हात दिला. बाबा तो धरून उठले. कोपर सोललं होतं, पांढरा शर्ट मातीनं भरला होता.

घरी येताना गाडीत त्यांनी स्वतःहून फोन मागितला. कोल्हापुरात त्यांच्या टीमचा जुना सेंटर हाफ आहे, त्याला लावला. पलीकडून काहीतरी विचारणं झालं. बाबा खिडकीबाहेर बघत आवाज चढवून म्हणाले, "गोल बसला मला. होय, मलाच. नाही लेका, खराखुरा."