गैरहजर

"सिस्टर, हात काढा. तुमचं रजिस्ट्रेशन संपलंय."

बारामतीच्या खासगी दवाखान्यात, भरल्या वॉर्डात, मी एका म्हातारीच्या हाताची शीर शोधत होते. मॅनेजरनं माझ्या हातातली सुई घेऊन दुसऱ्या मुलीला दिली. म्हातारीनं हात पदराखाली ओढला. जणू मी भोंदू होते.

उमेदीची वर्षं लष्करी रुग्णालयांत नर्स होते. शेवटची नेमणूक बर्फात. नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी पुढं चालू ठेवायला प्रशिक्षणाची शिबिरं करावी लागतात. शिबिरं पुण्यात, मी सीमेवर. मुदत गेली.

दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. लष्करातल्यांना नूतनीकरणात सवलत असते, तिच्यासाठी अर्ज करते, असं मी म्हटलं. त्याला महिने लागतील, तोवर जागा धरून ठेवणार नाही, म्हणाले. कौन्सिलला माफीनामा दिला तर आठवड्यात काम होईल. मजकूर टाईप करून तयार होता. 'शिबिरांना मी विनाकारण गैरहजर राहिले.'

"फौजेत इतकी वर्षं सलाम ठोकलेत ना? मग एक सही जड जाते?"

मॅनेजर हसला. माझे गुडघे थरथरत होते. सीमेवर थरथरले नव्हते असं नाही. तिथंही थरथरायचे. पण तिथं कुणी हसत नव्हतं.

फौजेत गैरहजर म्हणजे गुन्हा. आमच्या गावातला, अंथुर्ण्यातला एक जवान सुट्टी संपून परत गेला नाही, तेव्हा पोलीस दारात आले होते. त्याच्या आईला अजून पळपुट्याची आई म्हणतात.

कागद घेऊन घरी आले. आबांना, माझ्या वडलांना, वाचून दाखवला.

"कुठं गैरहजर व्हतीस गं तू?"

पोरीचं कॉलेज चालू आहे, सही केली की पुढच्या आठवड्यात कामावर, असं सांगितलं. आबांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

"कर मग. पर पुन्यांदा मला वाचून दावू नगंस."

दुसऱ्या दिवशी सही न करता कागद परत दिला.

"मी हजर होते, सर. तसंच लिहून सवलत मागितलीय."

"मग दुसरीकडं बघा."

पिशवी उचलून बाहेर आले. फोन वाजला की धावत जाऊन बघते. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. नकार आला तर पुन्हा अर्ज करीन. पुन्हा नकार आला तर कोर्टात जाईन. भीत भीत जाईन, पण जाईन. 'गैरहजर' या शब्दाखाली माझी सही होणार नाही.