आप्पांचा दुसरा प्रश्न

आप्पा कुणालाही "कुठे राहता?" असं विचारत नसत. ते विचारत, "झोपता कुठे?" तेही अर्धे डोळे मिटून, संथपणे, जणू आत्ता त्यांनाच झोप येते आहे. समोरचा माणूस गोंधळायचा. बायका पदर सावरून नवऱ्याकडे बघायच्या. एकदा एका तापट गृहस्थाने त्यांना "तू पोलिसवाला शे का रे?" असं विचारलं होतं. आप्पा मनापासून हसले आणि अहिराणीवर आले, "तसं नही दादा. रोज रातले कोठे जपस तू, इतलंच सांग." मग तो गृहस्थही हसला आणि म्हणाला, "पांडेसरामा. आखो कोठे?"

सुरतेतल्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवणारी आमची खोली होती. खोलीला खिडकी एकच, आणि ती आप्पांच्या पाठीशी. मी नवीन लागले तेव्हा आप्पा तिथे इतके जुने झाले होते की त्यांच्या खुर्चीची उशीही त्यांच्याच आकाराची झाली होती. दुपारी जेवल्यावर ते डोळे उघडे ठेवून डुलकी काढत. आम्ही हळूच फाईल सरकवली की तिथूनच म्हणत, "मी जागा आहे." आणि कमाल म्हणजे ते खरोखरच जागे असत.

त्यांच्या प्रश्नाचं कारण मला समजायला वेळ लागला, कारण मी स्वतःच त्या कारणाचा भाग होते. आमचं घर सुरतेतल्याच उधन्यात. माझा जन्म तिथला, शाळा तिथली, भांडणही मी गुजरातीत करते. तरी माझ्या वडिलांना कुणी "कुठले?" म्हटलं की ते छाती काढून सांगतात, "अमळनेर." खानदेशातून सुरतेला आलेल्या प्रत्येक माणसाचं हेच. अख्खं आयुष्य सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये गेलेलं असतं, मुलगी जवळच्या सचिन गावात दिलेली असते, गल्लीच्या गणपतीची वर्गणी हाच गोळा करत असतो. पण "राहणार" म्हटलं की तोंडातून शिंदखेडा येतो, पारोळा येतो. त्यात खोटं काहीच नसतं. त्याच्या लेखी राहणं तिकडेच असतं, इकडे तो नुसता कामाला आलेला असतो.

पण नोंदीत तेच उतरलं की मोठा घोटाळा व्हायचा. माणूस आजारी पडायचा पांडेसऱ्यात आणि कागदावर मोजला जायचा खानदेशातल्या कुठल्यातरी गावात. आप्पा यावर चिडत. एरवी त्यांचा आवाज चढत नसे, यावर चढायचा. "कशानं होतं ते मला ठाऊक नाही," ते म्हणत. "पाण्यानं होतं, तंबाखूनं होतं का नशिबानं, ते डॉक्टर शोधतील. पण या वस्तीतली माणसं या वस्तीत मोजलीच नाहीत तर शोधणार कुठे?"

चिडण्याचं दुसरं कारण घरचं होतं, आणि ते लपवतही नसत. नोंदणीच्या कामाला येण्याआधी आप्पा पांडेसऱ्यातल्याच एका मिलमध्ये टाईमकीपर होते. लग्न झाल्यापासून काकू त्यांच्याबरोबर तिथल्या एका खोलीत राहिल्या. दारात बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करत. त्यांना हाच आजार झाल्याचं कळलं तेव्हा, आपल्याकडे करतात तसंच, आप्पांच्या भावांनी त्यांना गावी नेलं. तापीकाठचं गाव, सारंगखेड्याच्या अलीकडचं. आजारी माणसानं आपल्या मातीत असावं असं सगळ्यांना वाटतं. तिकडच्या दवाखान्यात नाव लिहिलं गेलं, राहणार म्हणून गाव लिहिलं गेलं, आणि काकू कागदावर तिकडच्या झाल्या; तिथेच त्या गेल्या. "सगळं आयुष्य माझ्याजवळ काढलं तिनं," आप्पा म्हणाले होते, "आणि कागदावर एक दिवससुद्धा नाही." हे सांगताना ते खुर्ची वळवून खिडकीतून बाहेर बघत होते. मी चहा सांगितला.

पण आप्पांची खरी गंमत पहिल्या प्रश्नात नव्हतीच. पत्ता, वय, आजाराची जागा, तपासणीची तारीख, सगळं लिहून झालं, माणूस उठायला लागला, की ते पेन खाली ठेवत आणि विचारत, "आणि स्वप्नात कुठे असता?" या प्रश्नावर कुणी चिडल्याचं मला आठवत नाही. घाबरलेली, दुखण्यानं वैतागलेली माणसं पुन्हा खाली बसायची. एक बाई म्हणाली, मामाच्या गावच्या केळीच्या बागेत, पाटाला पाणी सुटलेलं असतं आणि पाय ओले असतात. एक लूम चालवणारे दादा म्हणाले, आईच्या चुलीपाशी, पण आईचं तोंड दिसत नाही, फक्त कळण्याच्या भाकरीचा वास येतो. आप्पा डोळे मिटून ऐकत. खोलीतला पंखा फिरत राही आणि थोडा वेळ आम्ही सगळेच कुठेतरी तापीकाठी असू.

"हे कुठे लिहायचं आप्पा?" मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"याला रकाना नाही पोरी," ते म्हणाले. "हे आपल्यासाठी."

मग काही काळाने मोठं काम आलं. आमच्या हॉस्पिटलाची, शहरातल्या इतर हॉस्पिटलांची आणि खानदेशातल्या एका दवाखान्याची माहिती एकत्र करायची ठरली, म्हणजे कुठल्याही ठिकाणच्या डॉक्टरांना त्यावर अभ्यास करता यावा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाकडे "तोंड", दुसऱ्याकडे "गाल", तिसऱ्याकडे नुसतं "गाठ". कुणी पहिल्यांदा आल्याची तारीख धरलेली, कुणी रिपोर्टची. एकीकडची कमळाबेन रामदासभाई ही दुसरीकडची कमलबाई रामदास, आणि तिसरीकडे तीच माहेरच्या आडनावानं. एक बाई तीन वेळा आजारी! आमच्या डॉक्टर मॅडम सगळं एका भाषेत आणायला बसल्या, आणि अडलं की म्हणत, "आप्पा, तमे कहो एम," तुम्ही म्हणाल तसं. आप्पाही काही सर्वज्ञ नव्हते. संगणकाशी त्यांचं उभं वैर होतं आणि आजारांचे सांकेतिक आकडे ते हमखास उलटे टाकत. ते निस्तरायला मी होते.

पुढे पाठवायच्या माहितीतून नावं काढून टाकायची होती. आप्पांना ते पटलं. "नाव काढा. नाव घरच्यांचं असतं," ते म्हणाले. "वस्ती तेवढी राहू द्या." राहण्याच्या ठिकाणाचा नियम ठरला तो असा: आजार कळला त्याआधी माणूस निदान वर्षभर जिथे राहत होता, ते त्याचं ठिकाण. गाव कुठलंही असो. सगळ्या हॉस्पिटलांनी तो मान्य केला, आणि जुन्या नोंदी त्या चाळणीतून जाऊ लागल्या.

एके दिवशी दुपारी मॅडमनी आप्पांना बोलावलं आणि संगणक त्यांच्याकडे वळवला. खानदेशातून आलेली काकूंची नोंद होती. ठिकाण बदललं होतं. पांडेसरा. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग बाहेर गेले. आम्हाला वाटलं, घरी गेले. तासाभराने आले ते इथली मिठाई, घारी, घेऊन. सगळ्या मजल्याला वाटली. कशाबद्दल विचारलं तर म्हणाले, "बायको घरी आली."

निवृत्तीनंतर आप्पा गावी गेले. गुडघे कुरकुरत होते, पुतण्याने आग्रह केला. पांडेसऱ्याची खोली मात्र सोडली नाही. फोनवर सांगत, "तापी इथून पुढे जाते ती तुमच्याकडेच येते. सकाळी तोंड धुताना तुम्हाला निरोप सोडतो." मी म्हणायची, पोचला.

आणि मग एक दिवस ते समोरच्या खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या खुर्चीत नव्हे, समोरच्या, रुग्णाच्या. घशातून आवाज नीट येत नव्हता. पुतण्याच्या हातात रिपोर्ट होता. तो मी वाचला, आणि मला रडू आलं. आप्पाच म्हणाले, "लिख पोरी. काम आधी."

मी लिहायला लागले. ठिकाणाशी आले तेव्हा म्हटलं, "आप्पा, पांडेसरा लिहिते. खोली तुमची आहे, लाइट बिल तुमच्या नावावर येतं." मला त्यांना कागदावर काकूंच्या शेजारी ठेवायचं होतं. त्यांनाही तेच हवं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. दुसरी कसलीच इच्छा या माणसाने कधी बोलून दाखवली नव्हती. कुणाला कळलंही नसतं.

आप्पांनी नकाराची मान हलवली. "विचार ना," ते कसंबसं म्हणाले. "नीट विचार."

मी विचारलं, "झोपता कुठे?"

"गावले जपस. दोन दिवाया तठेच व्हयन्यात. तेच लिख."

मी गाव लिहिलं. त्यांनी वाकून पाहिलं, "बरोबर" म्हणाले आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना दुसरा प्रश्न आजवर कुणीच विचारलेला नाही. मी पेन खाली ठेवलं.

"आणि स्वप्नात कुठे असता, आप्पा?"

ते पुन्हा बसले. डोळे मिटले. पंखा फिरत होता.

"आठेच," ते म्हणाले. "पांडेसरामा. लूम चालू ऱ्हास. ती दारमा बशेल ऱ्हास, हातले खडा चिकटेल. मन्हाकडे देखस नही, पन तिले ठाऊक ऱ्हास मी घर उनू ते." मग त्यांनी डोळे उघडले. "हे लिखू नको."

मी लिहिलं नाही. आप्पांना जाऊनही आता बरेच दिवस झाले. सगळ्या हॉस्पिटलांच्या एकत्र माहितीत ते एक आकडा आहेत आणि तापीच्या वरच्या अंगाला मोजले जातात. काकू दुसरा आकडा, खालच्या अंगाला, पांडेसऱ्यात. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. मी आता त्यांच्या खुर्चीत बसते, खिडकी माझ्या पाठीशी असते, आणि सगळं लिहून झालं, माणूस उठायला लागला, की मी पेन खाली ठेवते.