दारूगोळा नव्हे, चहा

आमची तोफखान्याची बॅटरी तेव्हा उत्तरेच्या डोंगरात तैनात होती. मी हवालदार, तीन नंबरच्या तोफेचा नंबर वन, म्हणजे त्या तोफेवरच्या जवानांचा म्होरक्या. माझा नंबर टू होता लान्स नायक देवानंद, आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यातला, पैनगंगेकाठच्या गावचा. ड्रायव्हर पोचन्ना इंद्रवेल्लीकडचा. कामाची पद्धत सोपी होती. हुकूम ज्याने ऐकला, त्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. तोफेच्या आवाजात हुकूम पोचल्याची तेवढीच खात्री. या पद्धतीमुळे आमच्या तोफेवर कधी चूक झाली नाही. कान मात्र सगळ्यांचे अर्धे गेले.

त्या सकाळी फायर थांबला होता. मी म्हणालो, "देवानंद, लंगरातून चहा आण."

"चहा आण," त्याने हुकूम परत म्हटला आणि केटली घेऊन गेला. परत येताना समोरून गोळा आला.

धूर बसण्याआधी रेडिओ वाजला. "थ्री, रिपोर्ट."

"थ्री. एक जवान कमी. दारूगोळा आणायला गेला होता."

का तसं बोललो, ते मला आजही सांगता येत नाही. साहेबांनी तेच पुढे कळवलं. गावाने तेच वेशीच्या कमानीवर कोरलं. त्या दिवसापासून मी चहा सोडला.

देवानंदची बायको वच्छलाबाई. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला पाटील म्हणतात. दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला मी त्यांच्या घरी जातो. फोटोला हार घालतो. आतून चहा येतो. मी "नको" म्हणतो आणि निघतो. हे रिटायर झाल्यापासून असंच चाललं होतं.

यंदा ठरवलं की खरं सांगायचं. पण घरी मुलगा, सून, नातवंडं आणि पुन्हा तो चहा. वहिनी पौर्णिमेला नदीकाठच्या जुन्या बुद्धविहारात जातात, हे मला माहीत होतं. तिथली दगडी मूर्ती निझामाच्या काळात माझ्या आजोबांनी पाहिली होती, आणि तेव्हाही ती जुनीच होती. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. शेजारी बसून हळूच सांगावं, असा माझा प्लॅन होता.

माझ्यासारख्याच रिटायर झालेल्या पोचन्नाला कळलं, तेव्हा तो म्हणाला, "मी बी येतो सार. एकटे काऊन जाता?"

मोटारसायकलवर वाऱ्याने माझी कानातली मशीन शिट्टी वाजवते, म्हणून ती काढून खिशात ठेवली. पुन्हा लावायची विसरलो. पोचन्नाकडे मशीन नाहीच. आपल्याला ऐकू येतं, असं त्याचं मत आहे.

आत दहा-बारा माणसं डोळे मिटून बसली होती. खिडकीतून नदीचं संथ पाणी दिसत होतं. भंतेजींनी आम्हाला पाहून ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने जागा दाखवली. "शांत बसा," असं म्हणाले असावेत.

"शांत बसा!" पोचन्नाने हुकूम परत म्हटला.

छपरातली कबुतरं उडाली. बसलेल्यांचे डोळे उघडले.

"हळू बोल," मी त्याला हळूच सांगितलं. तोफखान्यातला माणूस जितकं हळू बोलू शकतो, तितकं. नदीपलीकडे महाराष्ट्रात ऐकू गेलं नसेल, अशी आशा आहे.

वहिनी मागच्या रांगेत होत्या. मी शेजारी बसलो आणि माझ्या समजुतीप्रमाणे कुजबुजलो, "वहिनी, देवानंद दारूगोळा आणाले गेला नव्हता. म्याच त्याले चहा आणाले धाडलं होतं."

भंतेजींनी मान वळवली. सगळं विहार माझ्याकडे बघत होतं.

"चहा आणाले धाडलं होतं!" पोचन्ना म्हणाला. सवयीने.

वहिनींचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणता?"

पुन्हा ओठ हलले.

"काय?"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. या बाईचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी चढलेला ऐकला नव्हता.

"मंग माह्या घरचा च्या काऊन नाई घेतला आजवर?"

"सोडला ना म्या चहा. त्या दिवसापासून. कोनाच्याच घरी नाई पेत."

"मले काय मालूम ते? मले वाटे, तुमी पाटलाचे, आमच्या घरचं चालत नाई तुमाले. सासू मरेपर्यंत तेच म्हणे. दरसाली तुमच्यासाठी नवी कपबशी आनली मी. नवीतून तरी पेईल म्हून."

त्या कपबश्या मी पाहिल्या होत्या. दर वर्षी वेगळं फूल असायचं. एका खोट्याची कबुली द्यायला मी गेलो होतो. माझ्या 'नको'तून झालेलं हे दुसरं मला माहीतच नव्हतं.



"अन् चहासाठी धाडला, त्याचं?" मी विचारलं.

"त्याचा राग येईन मले. आज नाई. घरी गेल्यावर येईन," वहिनी म्हणाल्या. "आता बाहेर चाला. इथं लोकं ध्यान करून राह्यले."

"बाहेर चाला!" पोचन्ना म्हणाला.

विहारामागच्या चुलीवर वहिनींनी चहा केला आणि घाटाच्या पायरीवर चार ग्लास आणून ठेवले. आम्ही तिघं होतो.

"प्या, भाऊ," त्या म्हणाल्या. भाऊ त्या मला पहिल्यांदाच म्हणाल्या.

मी प्यालो. साखर फार होती. तरी ग्लास रिकामा केला. खिशात रुमाल शोधताना कानातली मशीन हाताला लागली. ती तिथेच राहू दिली.

पोचन्नाने चौथ्या ग्लासाकडे हात नेला.

"राहू द्या तो. थंड होऊ द्या," वहिनी ओरडून म्हणाल्या. आमच्याशी कसं बोलायचं, ते आता त्यांना कळलं होतं. "त्याले थंडच लागे."

खरं आहे. देवानंद चहा थंड करून पीत असे. म्हणून लंगरातून केटली आणताना तो कधी घाईने चालत नसे. त्या सकाळीही नसेल चालला.

"थंड होऊ द्या," मी हुकूम परत म्हटला.

"थंड होऊ द्या!" पोचन्ना म्हणाला.

आतून कोणी शांत बसा म्हटलं असेल, तर ते आम्हाला ऐकू आलं नाही. ग्लासातून वाफ येणं थांबेपर्यंत आम्ही तिघं तिथे बसून होतो.