घारी उठल्या, विमान उतरले

पुण्याहून निघालो तेव्हा माझी धाकटी बहीण सुमेधा मांडीवर दुर्बीण घेऊन बसली होती. ती विमान सुरक्षेची सरकारी तपासनीस आहे. बारामतीच्या धावपट्टीवर छोटे प्रवासी विमान उतरू द्यायचे की नाही, हे तिच्या अहवालावर ठरणार होते. मला रजा होती. म्हटले, तेवढाच मुलूख पाहून होईल.

दोन्ही बाजूंना ऊस मागे टाकत सकाळी आम्ही धावपट्टीवर पोहोचलो. सुमेधाने डांबर तपासले, दिवे पाहिले, अग्निशमनाची गाडी पळवून बघितली. सगळे चोख होते. मग तिने दुर्बीण वर केली आणि बराच वेळ ती खाली केलीच नाही. जवळच्या जळोची गावाच्या बाजूला घारी घिरट्या घालत होत्या.

आम्ही कुंपणाबाहेरून तिकडे गेलो. ओढ्यात कुणीतरी कोंबड्यांची आतडी, पिसे टाकली होती. नाकाला रुमाल लावून उभे होतो, तोच शेजारच्या माळव्यातून (भाजीपाल्याच्या शेतातून) एक म्हातारे शेतकरी आले. लोक त्यांना तात्या म्हणत.

"कचेरीत तीन अर्ज दिलं म्या," ते म्हणाले. "म्हनलं, इमानाला धोका हाय. तर म्हनत्यात, तात्या, तुमी टोमॅटो बघा."

त्यांनी खिशातून वही काढली. घारी किती वाजता येतात, किती उंच जातात, सगळे नोंदलेले. सुमेधा बांधावर बसली आणि तिने ती वही पहिल्या पानापासून वाचली. तात्या हात जोडून उभेच राहिले.

संध्याकाळी विमान कंपनीचे व्यवस्थापक हसत म्हणाले, "मॅडम, घारीला काय घाबरायचं? सही करून टाका. आमंत्रणं गेलीत."

"घार इंजिनात शिरली की आतल्या माणसांना कुणी आमंत्रण दाखवत नाही," सुमेधा म्हणाली. "ओढा साफ करा. तीन दिवसांनी मी पुन्हा येऊन घारी मोजेन. तोवर सही नाही."

रात्री तिला जेवण गेले नाही. वरून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तिने तेच उत्तर दिले.

मधल्या दिवसांत आम्ही इंदापूरकडे फिरलो. लोणी देवकरला गाडी पंक्चर झाली. तिथल्या कारखान्यातून सुटलेल्या दोघा कामगारांनी चाक बदलून दिले. चहाला थांबा म्हटले, तर "गाडी चुकंल की!" म्हणत पळाले. उजनीच्या काठी एका खाणावळीत चिलापी (तिथला मासा) आणि गरम भाकरी खाल्ली. वाढणाऱ्या मावशी सुमेधाला म्हणाल्या, "खा गं बाई, लई वाळलीयास." तेव्हा ती प्रथमच हसली.

तिसऱ्या दिवशी परतलो तर जळोचीची माणसे फावडी घेऊन ओढ्यात! घाण खोल पुरली होती, वर मुरूम पसरला होता, पहाऱ्याला दोघे बसवले होते. तात्या काठावर उभे राहून ओरडत होते, "आजून हितं एक पाटी टाका रं!"

सुमेधाने सकाळी मोजले, दुपारी मोजले, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. आकाश मोकळे होते. तिने सही केली.

चाचणीचे विमान आले तेव्हा कुंपणाला माणसांची रांग लागली होती. चाके टेकली आणि टाळ्या, शिट्ट्यांचा गदारोळ उठला. सुमेधाने तात्यांना आत बोलावून वैमानिकापुढे उभे केले. "हे तात्या. यांच्या नोंदींमुळे धोका वेळीच कळला."

वैमानिकाने टोपी काढून कडक सलाम ठोकला. तात्यांनी गडबडून तसाच सलाम केला, पण डाव्या हाताने.

"इमानात कधी बसलाय का?" मी विचारले.

"न्हाय. पन आता बसनाऱ्याची काळजी न्हाय."

परतताना सुमेधा गाढ झोपली होती. मी कितीदा विमानाने गेलो, उतरताना दारातल्या मुलीचे आभार मानले. ते विमान उतरायच्या आधी खाली कोण 'नाही' म्हणाले असेल, हा प्रश्न कधी मनातही आला नव्हता. मी गाडीचा वेग कमी केला आणि खड्डे चुकवत तिला घरी नेले.